जे नंतर कळणार, ते आधी सांगा: पुण्यात नवा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी

‘आमची कोठेही शाखा नाही.’ पुण्यातल्या जुन्या दुकानांवरची ही पाटी बाहेरगावच्या माणसाला तुसडी वाटते. पण ती लावणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला एक कामाची गोष्ट सांगितलेली असते: याच नावाचं दुकान दुसरीकडे दिसलं तर ते आमचं नाही, तिथल्या मालाची जबाबदारी आमच्यावर नाही. ‘दुपारी १ ते ४ बंद’ हीसुद्धा तशीच पाटी. ती माहीत असलेला माणूस भर उन्हात कोथरूडहून पेठेत हेलपाटा मारत नाही. पाट्यांमधला फटकळपणा उचलायची काही गरज नाही. गिऱ्हाईक पायरी चढण्याआधी त्याला माहिती द्यायची सवय मात्र जरूर उचलावी.

हल्ली नव्या उद्योजकाला सगळे सांगतात की ‘ऑथेंटिक’ राहा. म्हणजे सकाळी उठून नक्की काय करायचं, हे फारसं कोणी सांगत नाही. मग कोणी रोज रील टाकतं, कोणी आपल्या संघर्षाची गोष्ट लिहितं, कोणी प्रत्येक मेसेजमध्ये ‘आपुलकी’ आणि ‘विश्वास’ हे शब्द घालतं. छोट्या व्यवसायांना पत्रकं, मेसेज आणि वेबसाइटचा मजकूर लिहून देणं हे माझं काम आहे, आणि या कामात मी एकच कसोटी लावते. गिऱ्हाइकाला जी गोष्ट पुढेमागे कळणारच आहे, ती त्याला आधी आणि आपल्याच तोंडून कळायला हवी. त्यात भाव आला, तारीख आली, मालाची मर्यादा आली आणि हातून झालेली चूकही आली.

फराळ विकणारी ताई असो की भोसरीत नुकती शेड घेतलेला इंजिनिअर, खाली दिलेली कामं दोघांनाही लागू आहेत. शक्यतो याच क्रमाने करा.

पहिलं काम: प्रश्नांची वही

लोगो, पत्रक, इन्स्टाग्रामचं पान यातलं काहीही करण्याआधी एक वही आणा आणि दोन आठवडे गिऱ्हाइकाचा प्रत्येक प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. तो फोनवर आलेला असो, काउंटरवर असो की व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘भाजणी घरी करता का विकत आणता?’ ‘तेल कुठलं?’ ‘मुलाला अमेरिकेला पाठवायचंय, तोपर्यंत लाडू टिकतील का?’ ‘चौथा मजला आहे, लिफ्ट नाही, वर आणून द्याल ना?’ धंदा अजून सुरू झाला नसेल तर ओळखीच्या दहा घरांत नमुना द्या आणि तिथले प्रश्न गोळा करा.

प्रश्न सुधारून लिहू नका. काकूंनी ‘चकली नरम पडत नाही ना?’ असं विचारलं असेल तर वहीत तेच लिहा, ‘कुरकुरीतपणाबाबत विचारणा’ असं नको. पुढे तुमच्या पत्रकात, वेबसाइटवर आणि मेसेजमध्ये हेच शब्द यायचे आहेत.

दोन आठवड्यांनी वही वाचा आणि ज्या प्रश्नांची उत्तरं देताना तुम्ही अडखळलात त्यांच्यावर खूण करा. भाजणी खरं तर विकत आणली होती आणि ‘घरचीच समजा’ असं म्हणून वेळ मारून नेली होती, तर त्या प्रश्नावर खूण. बहुतेकांना वाटतं की अशा गोष्टी शक्यतो निघू नयेत. मला उलट वाटतं. खूण केलेल्या प्रश्नांची उत्तरं सर्वात आधी लिहून काढा, कारण गिऱ्हाईक नेमकं तिथेच अडलेलं असतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकरी तो घ्यायला धजत नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. नांगर किती मजबूत आहे हे कितीही वेळा सांगितलं असतं तरी त्या भीतीला उत्तर मिळालं नसतं, कारण शेतकऱ्याला काळजी होती ती आपल्या जमिनीची. तुमच्या गिऱ्हाइकाची भीती कोणती, हे या वहीत सापडतं. ते सापडेपर्यंत जाहिरातीवर पैसे घालू नका.

दुसरं काम: काय करत नाही, ते लिहा

नव्या माणसाला प्रत्येक ऑर्डर घ्यावीशी वाटते, त्यामुळे ‘हो, करून देऊ’ हे उत्तर तोंडात बसलेलं असतं. एका कागदावर चार-पाच ओळी लिहा: आम्ही काय करत नाही. ‘आम्ही एमएसचं, म्हणजे साध्या लोखंडाचं, फॅब्रिकेशन करतो, स्टेनलेसचं करत नाही.’ ‘पन्नास पानांच्या वरचं जेवण आम्हाला झेपत नाही.’ ‘सिंहगड रोडच्या पलीकडे घरपोच नाही.’ हा मजकूर उघड ठेवा. आणि जे काम घेत नाही ते कोण चांगलं करतं हे माहीत असेल तर खुशाल सांगा. दुसऱ्याचं नाव सांगणारा दुकानदार पुणेकरांच्या चांगला लक्षात राहतो.

मालाच्या बाबतीत हे जास्त नाजूक असतं, म्हणून तीन उदाहरणं देते.

एप्रिल-मेमध्ये मार्केट यार्डात कोकणच्या आंब्याबरोबर कर्नाटकातूनही आंबा येतो. दिसायला जवळपास सारखा, भावाने उतरता. तो विकण्यात काहीच गैर नाही. तो देवगडच्या नावाने विकणं ही फसवणूक आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यासाठी. ‘हा कर्नाटकचा आहे, रसाला छान, देवगडपेक्षा डझनामागे इतका स्वस्त’ असं सांगून विकलेली पेटी परत येत नाही, कारण रस काढताना घरात कोणाला धक्का बसत नाही.

पैठणीचं तसंच. हातमागावरच्या पैठणीच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच सफाईदार असते; यंत्रमागावरच्या साडीला बहुधा मागे धागे सुटलेले दिसतात. लक्ष्मी रोडवरून साडी घेऊन गेलेली बाई घरी गेल्यावर ती उलटी करून बघणारच, आणि तिने नाही बघितली तर तिची सासू किंवा मावशी बघेल. मग ‘ही सेमी पैठणी आहे, यंत्रमागावरची, म्हणून या भावात बसते’ हे वाक्य दुकानातच बोललं गेलेलं बरं. सेमी पैठणी हौसेने घेणाऱ्या भरपूर बायका आहेत. त्यांना खोटं सांगायची गरजच नाही.

तिसरं गणपतीचं. ‘इकोफ्रेंडली मूर्ती’ एवढंच लिहिलं की कोणाला काहीच कळत नाही. ‘शाडू मातीची, नैसर्गिक रंग, आतून पोकळ, वजन अंदाजे ३ किलो, जपून उचलावी लागते, घरी बादलीत विरघळते’ असं लिहा. शाडूची मूर्ती पीओपीपेक्षा जड आणि नाजूक असते. हे आधी सांगितलं नाही तर ते गिऱ्हाइकाला घरी नेताना रिक्षात कळतं.

याला कायद्याचीही बाजू आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत खोटा दावा तर येतोच, शिवाय महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. अशा जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, आणि पुन्हा तेच केल्यास ५० लाखांपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपचं स्टेटस आणि इन्स्टाग्रामची पोस्ट या जाहिरातीच आहेत हे लक्षात असू द्या.

‘अस्सल’, ‘शुद्ध’, ‘घरगुती’, ‘पारंपरिक’ हे शब्द तुमच्या मजकुरात जिथे जिथे आहेत तिथे खोडा आणि त्या जागी एक तपासता येईल अशी गोष्ट लिहा. ‘घरगुती चकली’ ऐवजी ‘कर्वेनगरच्या घरात तळलेली, भाजणी आमची, तेल शेंगदाण्याचं, दर दिवशी नवीन’. तेल दर दिवशी बदलत नसाल तर ते शेवटचे तीन शब्द लिहायचे नाहीत, एवढंच.

तिसरं काम: भाव उघडा करा

‘भावासाठी डीएम करा.’ ही ओळ मला अजिबात आवडत नाही. गिऱ्हाइकाला त्यातून एकच अर्थ लागतो: माणूस बघून भाव सांगणार. नवे लोक भाव लपवतात ते स्पर्धकाला कळू नये म्हणून. पण स्पर्धकाला तुमचा भाव एका फोनमध्ये कळतो. अडतो तो बिचारा खरा गिऱ्हाईक.

नुसता आकडा पुरत नाही. त्या आकड्यात काय येतं आणि काय येत नाही, हेही हवं. उदाहरणार्थ:

‘चिवडा, ५०० ग्रॅम, २४० रुपये. तेल शेंगदाण्याचं. खोबरं आणि डाळं आहे, काजू नाहीत. कोथरूड-कर्वेनगरात घरपोच ४० रुपये. ऑर्डरनंतर तिसऱ्या दिवशी मिळेल.’

सेवेचा व्यवसाय असेल तर नक्की आकडा सांगता येत नाही, ही खरी अडचण आहे. तिथे सुरुवातीचा भाव आणि तो कशाने वाढतो ते लिहा. ‘बारशाचे फोटो ८,००० रुपयांपासून. यात ३ तास, एक फोटोग्राफर आणि निवडक ६० फोटो. अल्बमचे पैसे वेगळे. खडकवासल्याच्या पुढे जायचं असेल तर प्रवासखर्च.’ एवढं वाचून ज्याला परवडत नाही तो फोनच करत नाही. त्याचाही वेळ वाचतो, तुमचाही.

वेष्टनात बंद करून माल विकत असाल तर एमआरपी ही सर्व करांसह किंमत असते. त्यावर आणखी कर लावता येत नाही. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क लागतो, आणि खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही. तक्रारीचा नंबर उचलला जाणारा द्या.

भाव वाढवायची वेळ येईलच. दिवाळीच्या तोंडावर तेल आणि खोबरं महाग झालं की गुपचूप पाकीट ५०० चं ४५० ग्रॅम करायचा मोह होतो. वजन कमी केलेलं पाकीट घरातल्या डब्यात ओतल्यावर डबा भरत नाही, आणि तिथेच ते उघड होतं. जुन्या गिऱ्हाइकांना पंधरा दिवस आधी कळवा: ‘खोबऱ्याचा भाव वाढल्यामुळे १ तारखेपासून चिवडा २४० ऐवजी २६० होईल. ३१ तारखेपर्यंत दिलेल्या ऑर्डरी जुन्या भावाने देऊ.’ नंतर तो शब्द पाळा.

चौथं काम: तारीख

मला विचाराल तर धंद्याची पत सगळ्यात जास्त जाते ती इथे. ‘उद्या नक्की’ हे दोन शब्द ब्लाउज शिवणाऱ्यापासून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यापर्यंत सगळे वापरतात, आणि ऐकणाऱ्यालाही त्यांचा अर्थ माहीत असतो. त्यामुळे ज्या नव्या माणसाचा ‘गुरुवार’ म्हणजे गुरुवारच असतो, तो लगेच वेगळा उठून दिसतो. त्याला त्यासाठी एक रुपयाही खर्च येत नाही.

तारीख देण्याआधी ती कशावर अवलंबून आहे ते स्वतःशी बघा. कापड यायचं आहे का? प्रिंटिंगवाल्याकडे रांग आहे का? गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज किंवा पाणी बंद असणं पुण्यात नवं नाही, मग ते धरलं का? पालखी मुक्कामाला येते त्या दिवसांत नाना पेठ-भवानी पेठेत आणि विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडच्या आसपास गाडी घालता येत नाही. हे तर दरवर्षी ठरलेलं आहे, तरी दरवर्षी कोणीतरी त्या दिवसाची डिलिव्हरी कबूल करून बसतं. वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन हे दिवस लाल करा आणि गिऱ्हाइकांना आठवडाभर आधी मेसेज टाका: ‘विसर्जनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पेठांमध्ये डिलिव्हरी बंद. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत घेऊन ठेवा.’

एवढं करूनही उशीर होतो. तेव्हाचा नियम साधा आहे: उशीर होणार हे तुम्हाला ज्या क्षणी कळलं, त्या क्षणी गिऱ्हाइकाला कळवा. त्याच्या फोनची वाट बघू नका. मेसेजमध्ये नवी तारीख हवी, थोडक्यात खरं कारण हवं आणि त्याला निवड हवी. ‘नमस्कार ताई. तुमचे दोन ब्लाउज शुक्रवारी देणार होते. अस्तराचा रंग मिळाला नाही म्हणून सोमवारी संध्याकाळी होतील. रविवारच्या कार्यक्रमाला एक लागणार असेल तर सांगा, तो आहे त्या अस्तरात शनिवारी करून देते.’ रागावलेली ताईसुद्धा अशा मेसेजला उत्तर देते, कारण तिच्या कार्यक्रमाचा विचार तिच्या आधी तुम्ही केलेला असतो.

आता भोसरी-चाकणकडे येते. मोठ्या कंपन्यांसाठी जॉबवर्क करणाऱ्या, म्हणजे सुटे भाग बनवून देणाऱ्या, छोट्या शेडमध्ये कंपनीच्या पर्चेसवाल्याचा फोन आला की ‘मटेरियल निघालं’ असं सांगायची रीत पडून गेली आहे. टेम्पो अजून लागलेलाही नसतो. समोरच्या कंपनीला तुमच्या सबबीशी काही देणंघेणं नसतं. तिला लाइन थांबणार का, एवढंच ठरवायचं असतं. दोन दिवस आधी कळलं तर ती प्लॅन बदलेल, दुसरा पार्ट आधी लावेल, स्टॉक फिरवेल. दोन तास आधी कळलं तर तिच्या हातात काहीच उरत नाही. असा मेल लिहा:

‘५०० पैकी ३२० नग आज दुपारी डिस्पॅच करतो. १८० नग प्लेटिंगला अडकले आहेत, शुक्रवारी परत येतील, शनिवारी सकाळी तुमच्या गेटवर असतील. तुम्हाला उद्यापर्यंत ३२० पेक्षा जास्त लागणार असतील तर आत्ता सांगा, दुसऱ्या प्लेटिंगवाल्याकडून काही नग करून घेता येतात का ते बघतो.’

मापाचंही तसंच. एखाद्या लॉटचं माप टॉलरन्सच्या, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या, बाहेर गेलं असेल तर इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये आलेलं माप तसंच लिहा आणि माल पाठवण्याआधी डेव्हिएशन, म्हणजे तेवढ्या फरकाला मंजुरी, मागा. कधी मिळेल, कधी नाही. सगळी मापं ड्रॉइंगबरहुकूम दाखवणारा खोटा रिपोर्ट त्यांच्या क्वालिटीवाल्याच्या हातात पडतो आणि तो पहिलाच नग गेजला लावतो. मग त्या लॉटबरोबर तुमचे आधीचे आणि पुढचे सगळे रिपोर्ट संशयात येतात. नव्या शेडला ते परवडत नाही.

पाटी आणि प्रोफाइल

हे झटपट उरकता येतं. दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे अगदी छोट्या दुकानांनाही लागू आहे. गुगलवरच्या प्रोफाइलमध्ये खऱ्या वेळा, साप्ताहिक सुट्टी, पार्किंग आहे की नाही आणि कुठल्या खुणेपाशी वळायचं ते लिहा. सणाच्या सुट्टीला वेळा बदला. फोटो स्वतःच्या दुकानाचा आणि स्वतःच्या मालाचा टाका, इंटरनेटवरून उचललेला नको. दुकान लहान आहे हे फोटोत दिसलं तरी चालतं. गिऱ्हाईक येऊन बघणारच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप

पुण्यातला बहुतेक छोटा धंदा आता याच्यावर चालतो, आणि सर्वात जास्त त्रासही इथेच दिला जातो.

ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोहोचतो, आणि एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या वेळीच विचारा: ‘नवीन माल आला की कळवू का? महिन्यातून दोनदाच पाठवते. हवं असेल तर हा नंबर सेव्ह करा.’ ज्यांनी हो म्हटलं त्यांनाच पाठवा, आणि दोनदा म्हटलं असेल तर दोनदाच. गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका. त्यात प्रत्येकाचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो, आणि तो नंबर त्यांनी तुम्हाला चकलीच्या ऑर्डरपुरता दिलेला असतो. वैयक्तिक माहितीसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी हे बरोबर ठरलं नसतं.

सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही शेजारी म्हणून असता. तिथे विकायचं असेल तर आधी अ‍ॅडमिनला विचारा, आणि हे आपलंच दुकान आहे असं स्पष्ट लिहा. ‘माझ्या ओळखीतल्या एक ताई फार छान मोदक करतात’ असं आपल्याच बायकोबद्दल लिहू नका. सोसायटीत ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं.

प्रत्येक सणाला लोगो छापलेली शुभेच्छा पाठवायची काही गरज नाही, कोणी ती उघडत नाही. त्याऐवजी सणाआधी उपयोगी पडेल असं काही पाठवा: चतुर्थीला उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी कधी बंद होतात, अनारसे किती दिवस टिकतात.

भाषेबद्दल मला लोक फार विचारतात. गिऱ्हाईक ज्या भाषेत लिहितं त्या भाषेत उत्तर द्या. हिंजवडीतल्या मुलाने हिंदीत विचारलं तर हिंदीत. सदाशिव पेठेतल्या आजोबांनी शुद्ध मराठीत लांबलचक लिहिलं तर ‘ओके’ आणि अंगठा पाठवून चालणार नाही, ‘नमस्कार काका’ पासून सुरुवात करा. ‘डिअर कस्टमर’ कोणालाच नको.

आणि ‘फक्त २ शिल्लक!’, ‘आज रात्री १२ पर्यंतच!’ हे खरं असेल तरच लिहा. ऑनलाइन विक्रीतल्या अशा खोट्या घाईला केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गैरप्रकार ठरवलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच ऑफर पुन्हा दिसली की गिऱ्हाइकाला कळायचं ते कळतं.

चूक झाली तर

चूक होणार. पार्सल फुटेल, लाडवाला वास येईल, चुकीच्या मापाचा शर्ट जाईल. त्या वेळी काय लिहायचं ते शांत डोक्याने आजच तयार ठेवा, कारण ऐन वेळी माणूस एकतर अति माफी मागतो किंवा भांडतो.

‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ या वाक्यात चूक कोणाची, कोणती आणि आता पुढे काय, यातलं काहीच नाही. त्याऐवजी असं:

‘काकू, तुम्ही सांगितलंत ते बरोबर आहे. कालच्या बेसनाच्या लाडवांना वास येतोय, मी आमच्याकडचा डबा उघडून बघितला. तूप जुनं होतं. पैसे आत्ता परत पाठवलेत. नवे लाडू उद्या संध्याकाळी देऊ का, की राहू दे? ज्यांना या घाण्यातले लाडू गेलेत त्या सगळ्यांना मी फोन करतेय.’

शेवटचं वाक्य सर्वात अवघड आणि सर्वात महत्त्वाचं. एकाने तक्रार केली म्हणजे बाकीच्यांना काही वाटलं नाही असं होत नाही. त्यांनी फक्त पुढची ऑर्डर द्यायची नाही असं ठरवलेलं असू शकतं. त्यांना आपणहून फोन केला तर निदान बोलणं तरी सुरू राहतं.

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी लावायच्या आधी थांबा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. रंग आवडला नाही म्हणून बदलून द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा आणि पैसे घेण्याआधी सांगा. सदोष मालाची गोष्ट वेगळी. पाटी अशी लिहिता येईल: ‘माल सदोष निघाल्यास ३० दिवसांत बदलून किंवा पैसे परत. इतर कारणासाठी ७ दिवसांत, बिलासह, बदलून मिळेल.’

रिव्ह्यू

मित्रांकडून आणि भाच्यांकडून पाच तारे गोळा करू नका. सवलत देऊन रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही. एकाच आठवड्यात आलेले, सगळे ‘नाइस सर्व्हिस’ म्हणणारे रिव्ह्यू वाचणाऱ्यालाही ओळखू येतात. गिऱ्हाइकाला इतकंच म्हणा: ‘जे वाटलं ते लिहा, खटकलं असेल तेही लिहा.’

वाईट रिव्ह्यूला उत्तर देताना लक्षात ठेवा की ते उत्तर रिव्ह्यू लिहिणाऱ्यापेक्षा तुमच्याकडे यायचं की नाही हे ठरवणारे अनोळखी लोक जास्त वाचतात. काय घडलं, काय केलं, चार ओळीत. गिऱ्हाईक चुकत असेल तर तेही सभ्यपणे सांगा: ‘आपण आलात तो सोमवार होता, सोमवारी दुकान बंद असतं. प्रोफाइलवर तसं लिहिलेलं आहे, तरी आपला हेलपाटा झाला याचं वाईट वाटतं. आता बाहेरही मोठी पाटी लावली आहे.’ त्याचा फोन नंबर, पत्ता, ऑर्डरमधला खासगी तपशील उत्तरात कधीही येऊ देऊ नका.

मजकूर एआयकडून लिहून घेत असाल तर

जरूर घ्या, लिहायची भीती असणाऱ्यांना त्याची खूप मदत होते. पण तेल कोणतं, कारागीर कोण, आज दुकानात काय झालं, हे त्याला माहीत नसतं. ते तपशील तुम्ही घाला. आणि जे त्याने आपल्या मनाने घातलं आहे, ‘पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा’ वगैरे, ते काढून टाका. धंदा गेल्या वर्षी सुरू झाला असेल तर ‘गेल्या वर्षी सुरू केला’ असंच लिहा. स्वतःची गोष्टही तेवढीच सांगा जेवढी मालाशी जोडलेली आहे. आधी फार्मा कंपनीत क्वालिटीला होता आणि आता मसाले करता, तर ते सांगा, कारण त्यातून तुमचे मसाले कसे तपासले जातात हे कळतं.

शेवटचं काम: फोन उचलणारा माणूस

वर लिहिलेलं सगळं तुम्ही केलंत आणि दुकानात बसणाऱ्या मुलाने फोनवर ‘हो हो, होऊन जाईल’ म्हटलं तर सगळं पाण्यात. गिऱ्हाइकासाठी धंदा म्हणजे तो आवाज. त्याला भावाचा कागद, ‘करत नाही’चा कागद आणि आजच्या ऑर्डरींच्या तारखा समोर हव्यात. त्याला तीन गोष्टींची परवानगी तोंडी नको, लिहून द्या. ‘मला माहीत नाही, विचारून पाच वाजेपर्यंत फोन करतो’ असं म्हणायची. अशक्य तारखेला नाही म्हणायची. आणि माल खराब निघाला असं कोणी सांगितलं तर ५०० रुपयांपर्यंतचे पैसे तुम्हाला न विचारता परत करायची. पहिल्यांदा त्याने ही परवानगी वापरली की त्याला त्याबद्दल सर्वांसमोर शाबासकी द्या, मग ती रक्कम तुम्हाला जास्त वाटली तरी.